मॉरिशस : भूमी, लोक आणि राज्यव्यवस्था



महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठीतून शिक्षण देणाऱ्या या शाळेत बोलताना मी मॉरिशस हा देश विषय म्हणून निवडला आहे. भाषेची सीमा आणि राज्याची सीमा एक नसेल तर समाजाने एकत्र कसे नांदावे, हा आपल्या परिचयाचा प्रश्न तेथे संपूर्ण राष्ट्रापुढे उभा आहे.

हिंदी महासागरातील हे ज्वालामुखीजन्य बेट प्रवाळाच्या कड्याने वेढलेले आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. मध्यभागी पठार आणि सर्वोच्च शिखर अवघे ८२८ मीटर. पूर्वेस दूरवर असलेले रॉड्रिग्ज बेट याच प्रजासत्ताकाचा भाग आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे.

येथे मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच १५९८ मध्ये आले आणि १७१० मध्ये निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणून वसाहत उभारली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. परंतु तहात रहिवाशांचे कायदे, धर्म व रीतिरिवाज अबाधित ठेवल्यामुळे फ्रेंच भाषेचे वर्चस्व टिकले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर येऊ लागले. कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून जवळजवळ पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या घाटावर उतरली. त्यांतील काही पुढे अन्य वसाहतींत गेली. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातील आपली माणसे होती. तो ‘अप्रवासी घाट’ २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ झाला.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला व १९९२ मध्ये त्याच दिवशी प्रजासत्ताक बनला. राष्ट्रपती नामधारी असून खरी सत्ता पंतप्रधान व मंत्रिमंडळाकडे आहे. राष्ट्रीय सभेत ६२ सदस्य मतदानाने निवडून येतात. त्याशिवाय, ज्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही त्याच्या पराभूत उमेदवारांतून कमाल आठ जागा भरण्याची तरतूद आहे. १९८२, १९९५ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत मुख्य बेटावरील साठही जागा एकाच आघाडीने जिंकल्या; यावरून या तरतुदीचे महत्त्व ध्यानी यावे.

मात्र तिच्यातील पेच मला फार बोलका वाटतो. राज्यघटना हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण’ असे चारच समाज मानते. १९८२ मध्ये जनगणनेतून समाजविषयक प्रश्न वगळण्यात आला. तरीही या जागांची वाटणी १९७२ च्या आकड्यांवरच चालत आली. भेद विसरावा तर लहान समाज बुडण्याची भीती, आणि जपावा तर नागरिकाच्या कपाळी समाजाचा शिक्का कायमचा!

मराठी माणूस या गणनेत ‘हिंदू’ या सदरात सामावून जातो. विधिमंडळाचे कामकाज इंग्रजीत, वृत्तपत्रे मुख्यत्वे फ्रेंच, बाजारात आणि बहुतेक घरांत क्रिओल. तेथे मराठी टिकली ती गणेशोत्सव, देवळे, मंडळे आणि शाळेतील मराठीच्या तासामुळे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, हा त्या समाजाचा मोठाच सन्मान होय.

तथापि, राज्य सुट्टी देऊ शकते, शिक्षक नेमू शकते. घरातले बोलणे काही ते देऊ शकत नाही. मॉरिशसमधील मराठी घरांतून ते पिढ्यांमागे सुटले. आपल्याकडे ते अजून आहे. ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांनी शाळेत केलेल्या कार्याचा उरलेला अर्धा भाग आपल्या उंबरठ्याच्या आत आहे, एवढेच नम्रपणे सुचवून मी आपली रजा घेतो.