स्नायूंतील तांबडे कोठार

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी इ. स. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांच्या चिकाटीचे सर्वत्र कौतुक झाले, व ते योग्यच होते. परंतु इतक्या दीर्घ धावेत स्नायूंस प्राणवायू पुरतो कसा, हा प्रश्न अशा वेळी मागे राहतो. त्याच्या उत्तराचा एक भाग म्हणजे मायोग्लोबिन; त्याचा इतिहास आम्हांस मोठा बोधप्रद वाटतो.

स्नायूंचा तांबडेपणा रक्तामुळेच असतो, असा पूर्वी समज होता. जर्मन शास्त्रज्ञ कुह्ने यांनी १८६५ साली दाखविले की, रक्त धुऊन काढल्यावरही तो रंग राहतो. अर्थात तो स्नायूंचा स्वतःचाच होय. या द्रव्यास ‘मायोग्लोबिन’ हे नाव गुंथर यांनी १९२१ मध्ये दिले. पुढे केंब्रिज येथे मिलिकन यांनी १९३७ मध्ये मांजराच्या जिवंत स्नायूच्या रंगातील पालट मोजला. स्नायू आकुंचन पावताच मायोग्लोबिन प्राणवायू सोडी, व विश्रांतीत पुन्हा भरून घेई. आकुंचनाने रक्तप्रवाह अडतो, त्या क्षणापुरते हे कोठार, असे मत त्यावरून रूढ झाले. १९५८ मध्ये केंड्रू यांनी देवमाशाच्या मायोग्लोबिनाची घडण उलगडली. प्रथिनांत हा पहिलाच मान.

आता जाणण्याजोगे काही उरले नाही, असे वाटत असतानाच १९९८ मध्ये अमेरिकेत मायोग्लोबिनावाचून जन्मलेले उंदीर तयार करण्यात आले, आणि ते इतरांसारखेच धावले! मग हे द्रव्य निरुपयोगी म्हणावे काय? तसे नव्हे. अशा उंदरांच्या हृदयात केशवाहिन्या अधिक दाट झाल्याचे पुढील वर्षी आढळले. शरीराने उणीव अन्य मार्गाने भरून काढली होती. तासभर बुडी मारणाऱ्या देवमाशास हा साठा आधार देतो. मनुष्यास मात्र तो कष्टाच्या काही सेकंदांपुरताच पुरतो. पुढची सारी धाव हृदय, फुप्फुसे व रक्त यांनी क्षणोक्षणी आणून दिलेल्या प्राणवायूवर चालते, व मायोग्लोबिन तो पेशीच्या आत पोचविण्यास साह्य करीत असावे, असे पुष्कळांचे मत आहे.

आम्ही वर्गात कोठाराचा दृष्टान्त निःशंकपणे देत आलो. तो खोटा नाही, अपुरा आहे. यापुढे तो देताना त्या उंदरांची हकीकतही सांगितली पाहिजे.