झूम भिंगाचा विकास : तत्त्व आणि कारागिरी

नाभीय अंतर हवे तसे बदलता यावे, ही कल्पना नवी नव्हे. अशा एका योजनेचे एकस्व अमेरिकेत क्लाइल अ‍ॅलन यांना १९०२ मध्येच मिळाले होते. तथापि ३५ मिलिमीटर फिल्मवर स्थिरचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यासाठी झूम भिंग बाजारात येण्यास १९५९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात अडचण तत्त्वाची नव्हती. ती धातुकामाची, काचेच्या पृष्ठांची आणि आकडेमोडीची होती.

भिंगसमूहांतील अंतर बदलले की नाभीय अंतर बदलते. परंतु त्याबरोबर प्रतिमाही फिल्मच्या प्रतलावरून ढळते. ही च्युती भरून काढण्याचे दोन मार्ग होते. पहिला यांत्रिक : नळीत कापलेल्या वक्र खाचेच्या आधाराने दुसरा समूह निराळ्या गतीने सरकवावयाचा. लेस्टर येथील टेलर, टेलर अँड हॉब्सन यांचे १९३२ मधील ‘कुक व्हॅरो’ (४० ते १२० मि.मी.) हे चलच्चित्रणाचे भिंग याच प्रकारचे. यात खाच किंचित चुकली अथवा झिजली, तरी प्रतिमा धूसर होते. दुसरा मार्ग प्रकाशीय : एकाआड एक समूह परस्परांस जोडून ते सर्व एकाच सरळ गतीने सरकवावयाचे. फ्रँक बॅक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘झूमर’ भिंगात तो अवलंबिला. येथे वक्र खाच लागत नाही. मात्र प्रतिमा काही मोजक्याच स्थानी अचूक प्रतलावर येते आणि अन्यत्र अल्प च्युती उरते.

दोन्ही प्रकारांत भिंगांची संख्या वाढते. फॉइग्टलेंडरच्या नावाने १९५९ मध्ये आलेल्या ३६ ते ८२ मि.मी. ‘झूमर’मध्ये ११ गटांत १४ भिंगे होती, म्हणजे काच व हवा यांना विभागणारी २२ पृष्ठे. प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित झाला, तर जेमतेम ४१ टक्के पार जातो, आणि परावर्तित प्रकाशामुळे चित्र फिकट होते. परावर्तन १ टक्क्यावर आणल्यास हेच प्रमाण ८० टक्के होते. १९३५ मध्ये त्साइस संस्थेतील अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधलेल्या विलेपनाविना हे भिंग व्यवहार्य ठरले नसते.

प्रकाशीय मार्गाचा विजय मात्र टिकला नाही. वेगाने सरकणाऱ्या चित्रमालिकेत खपून जाणारी च्युती मोठ्या केलेल्या स्थिरचित्रात स्पष्ट दिसते. शिवाय समूह एकमेकांस जखडलेले असल्याने विपथने सुधारण्यास रचनाकारास वाव कमी मिळतो. पिएर आंजेन्यू यांच्या १९५६ मधील चौपट (१७ ते ६८ मि.मी.) आणि त्यानंतरच्या दसपट भिंगांनी यांत्रिक मार्गाची पुन्हा प्रतिष्ठापना केली. पुढे अंकनियंत्रित यंत्रांनी खाच अचूक कापता येऊ लागली, आणि संगणकामुळे अनेक नाभीय अंतरांसाठी किरणमार्गांची गणना शक्य झाली. आजची उच्च विभेदनक्षमतेची झूम भिंगे सामान्यतः याच मार्गाने जातात.

तेव्हा १९३२ चा मार्ग चुकीचा नव्हता. त्यास साथ देणारी कारागिरी मागाहून आली. उपकरणांच्या इतिहासात एखादी पद्धत मागे पडली, एवढ्यावरून तिचे तत्त्व सदोष ठरविणे म्हणूनच युक्त नव्हे.