सुरतचं तिकीट आणि बाबांचा क्लिक-थ्री

मध्यंतरी सुरतहून फोन आला. माझी मावशी लग्न होऊन सुरतला गेली ती तिथलीच झाली. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, उधन्याला कापडाच्या धंद्यात आहे, आणि त्याच्या मुलाला फोटोचं वेड आहे. पोराने पैसे साठवून जुना डीएसएलआर कॅमेरा घेतलेला, त्याला ७०-३००ची लेन्स. शहरात क्रिकेटचा एक सामना होता, तिकिटं काढून झाली होती आणि घरात वाद पेटला होता.

"काका, तुम्ही सरकारी माणूस. बारीक अक्षरातलं वाचायची तुम्हाला सवय. तिकिटाच्या मागे लिहिलंय, प्रोफेशनल कॅमेरा आणू नये. मी कुठे प्रोफेशनल? मी तर कॉलेजात आहे!"

मी हसलो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कचेरीत वीस वर्षं परिपत्रकं वाचून एक गोष्ट शिकलोय. नियमातल्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात नसतो, तो नियम करणाऱ्याच्या भीतीत असतो. इथे भीती कसली? शोधत गेलो तर गाडी थेट शंभर वर्षं मागे गेली. आणि गंमत म्हणजे ती पोचली ती क्रिकेटच्या मैदानावर नाही, कुत्र्यांच्या प्रदर्शनात!

पण आधी सुरतचंच सांगतो. गोव्यातल्या मराठी वाचकाला सुरत म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक महाराजांची स्वारी, १६६४ची आणि १६७०ची. दुसरी १९०७ सालची काँग्रेस. डिसेंबरची २७ तारीख, तापीकाठचं अधिवेशन, व्यासपीठावर टिळक उभे, आणि मंडपातून एक जोडा भिरभिरत आला. तो लागला सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या आणि काँग्रेस दुभंगली. ज्या टिळकांच्या नावाने आमच्या वास्कोत मैदान आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर हे घडलं. आज मैदानाच्या फाटकावर पिशवी उलटीपालटी करणारा शिपाई पाहिला की मला तो जोडा आठवतो. गर्दीत माणूस काय घेऊन येतो यापेक्षा चिडल्यावर तो काय फेकेल, हा फाटकावरचा पहिला प्रश्न. १३ मार्च १९९६ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना बाटल्यांच्या वर्षावात थांबला आणि श्रीलंकेला बहाल झाला. त्यानंतर पाण्याच्या बाटलीकडे कुणी साध्या नजरेने पाहिलं नसेल. लेन्स ही तर काचेची आणि धातूची वस्तू, हातात धरली तर वजनदार वरवंटाच. तिच्यावर बंदी येण्याचं एक कारण हे.

पण ते एकच असतं तर जेवणाचा डबा आणि लेन्स एकाच यादीत बसले असते. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे भीती फेकण्याची नाही, नेण्याची आहे. प्रेक्षक मैदानातून काहीतरी घेऊन जाईल याची.

आता ते कुत्र्यांचं प्रदर्शन. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये बायकांच्या एका श्वानसंस्थेने प्रदर्शन भरवलं आणि तिथे फोटो काढण्याचा एकाधिकार 'स्पोर्ट अँड जनरल' नावाच्या वृत्तछायाचित्र संस्थेला विकला. पण एक दुसरा फोटोग्राफर आत आला, त्याने फोटो काढले आणि ते 'अवर डॉग्ज' नावाच्या साप्ताहिकात छापून आले. संस्था कोर्टात गेली. आधी १९१६ला आणि मग अपील कोर्टात १९१७ला ती हरली. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं, की समोर दिसणाऱ्या दृश्यावर कुणाची मालकी नसते. जागा तुमची आहे, कुत्रे त्यांच्या धन्यांचे आहेत, पण त्यांचं 'दिसणं' कुणाचं नाही. फोटो नको असतील तर आत सोडताना तशी अट घाला. तुम्ही तशी अट घातलीच नव्हती.

त्या एका वाक्यात पुतण्याच्या तिकिटाचा जन्म आहे. दृश्याची मालकी कायद्याने मिळत नाही, तर मग ती अटीने मिळवा. फाटक आपलं, येणारा आपल्या परवानगीने येणारा, तेव्हा त्याला आत घेतानाच करार करा. तिकीट म्हणजे पावती नव्हे, करारनामा. पुढची बाजू प्रेक्षकासाठी, मागची बाजू वकिलासाठी.

वीस वर्षांनी, १९३७ला, ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. सिडनीत घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशेजारी टेलर नावाच्या माणसाचं घर होतं. त्याने अंगणात उंच मचाण बांधलं, वर रेडिओचा निवेदक चढला आणि आतल्या शर्यतीचं वर्णन गावभर ऐकू जाऊ लागलं. मैदानाचं गिऱ्हाईक घटलं. मालक कोर्टात गेला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी हरला. कुंपण उंच करायचं असेल तर करा, म्हणाले, पण पाहणाऱ्याला बोलायची बंदी नाही. हे वाचताना मला आमच्या गावची फुटबॉलची मैदानं आठवली. कुंपणाबाहेरच्या माडावर चढून फुकटात सामना बघणारे आणि खालच्यांना मोठ्याने वर्णन ऐकवणारे पात्रांव आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना ठाऊक नव्हतं, पण कायदा त्यांच्या बाजूने होता!

पण मैदानाच्या आत असलेला माणूस मात्र अटीत अडकला. कुत्र्यांची केस हरलेली तीच 'स्पोर्ट अँड जनरल' पुढे लॉर्ड्सवरच्या कसोटी सामन्यांचे फोटो काढण्याची मक्तेदार झाली. इंग्लंडमधल्या मैदानांवर तिची आणि 'सेंट्रल प्रेस' या दुसऱ्या संस्थेची सद्दी होती, ती १९७२ला संपली. पॅट्रिक ईगरसारखा स्वतंत्र फोटोग्राफर सीमारेषेजवळ आला तो त्यानंतर. म्हणजे त्याआधीची कित्येक दशकं इंग्लंडमधल्या कसोटी क्रिकेटचा चेहरा आपण मोजक्या कॅमेऱ्यांतून पाहिलाय. त्यांना जे दिसलं तेवढंच घडलं असं आपण धरून चाललो.

आणि जिथे कुणाचाच कॅमेरा नव्हता तिथे? १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स. भारत पाच बाद सतरा, आणि कपिल देव नाबाद १७५. त्या डावाचं चित्रीकरण नाही. आपल्या क्रिकेटमधली ती एवढी मोठी खेळी, आणि ती पाहायची तर मिटल्या डोळ्यांनी. गर्दीतल्या कुणा हौशी माणसाकडे त्या दिवशी चालता कॅमेरा असता तर? हा प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडे या मालकीच्या भांडणाने १९९३च्या हिरो कपात पेट घेतला. सामना दाखवायचा कुणी, दूरदर्शनने की परदेशी कंपनीने? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ला न्या. पी. बी. सावंतांनी निकालात लिहिलं की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आपल्या मराठी न्यायमूर्तींचा हा निकाल वाचून तेव्हा अभिमान वाटला होता. लहरी जनतेच्या झाल्या, पण सामना मात्र विक्रीला निघाला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढे पैसे मोजणारा म्हणणारच, की मैदानात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी सामना दाखवू नये.

मोठ्या संस्थांनाही ही अट चुकली नाही. २०१२च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा संघ आपल्याकडे आला, पहिली कसोटी १५ तारखेपासून अहमदाबादला. क्रिकेट मंडळाने गेटीसारख्या फोटो विकणाऱ्या संस्थांना प्रवेश नाकारला. फोटो आम्हीच देऊ म्हणाले. त्यावर रॉयटर्स, एपी आणि एएफपी यांनी वार्तांकनावरच बहिष्कार टाकला. पुजाराने नाबाद २०६ काढल्या, भारत नऊ गडी राखून जिंकला, आणि जगातल्या मोठ्या वृत्तसंस्था मैदानाबाहेर. सुरतहून रेल्वेने चार-पाच तासांवर घडलेली ही गोष्ट मी पुतण्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे काका, मी एकटाच नाही!"

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रोफेशनल म्हणजे कोण? नियम माणसाला तपासत नाही, यंत्राला तपासतो. फाटकावरच्या शिपायाने तुमचं ओळखपत्र बघून तुम्ही हौशी की व्यावसायिक हे ठरवणं शक्य नाही. म्हणून तो खूण शोधतो. बऱ्याच ठिकाणी ती खूण म्हणजे निघणारी लेन्स. कुठे लेन्सची लांबी मोजतात. विम्बल्डनला ३०० मिमी आणि त्यावरच्या लेन्सना मज्जाव आहे. ट्रायपॉड, एकदांडी, सेल्फी-स्टिक यांना जवळपास सगळीकडे नकार, कारण मागच्याच्या डोळ्यांसमोर काठी येते आणि पळापळीत पाय अडकतात. फोन चालतो, पण चित्रीकरण करून ते थेट दाखवू नका अशी अट असते. यामागे प्रसारणाचा पैसा आहे तशी सट्ट्याचीही भीती आहे. टीव्हीवर चेंडू काही सेकंद उशिरा दिसतो. मैदानात बसून तेवढ्या सेकंदांत बाहेर बातमी पोचवणारा सट्टेबाजाला सोन्यासारखा.

एक गोष्ट मात्र मी पुतण्याला ठासून सांगितली. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता तो काढणारा. बटण तू दाबलंस तर फोटो तुझा, तुझ्या हयातीत आणि त्यानंतरही साठ वर्षं. तिकिटाची अट तुला तो विकण्यापासून अडवू शकते, पण त्यामुळे फोटो काढणारा कुणी दुसरा होत नाही.

मी स्वतः एकदा या अटीत सापडलोय. एका मोठ्या मैदानावर (कुठलं ते सोडा) माझा साधा कॅमेरा लेन्स निघते म्हणून परत फिरवला. ठेवायला जागा नाही, घर दोन तासांवर. शेवटी बाहेरच्या पानवाल्याने शंभर रुपये घेऊन सुपारीच्या डब्यामागे ठेवला. सामना कसा झाला ते आठवत नाही. सारं लक्ष त्या डब्याकडे! नियम असावा, पण कॅमेरा जमा करून बिल्ला देणारी एक खिडकीही असावी, एवढंच त्या दिवशी वाटलं. देवळाबाहेर चपला सांभाळणारी बाई असते, मग इथे का नको?

पण निव्वळ नियमाची बाजू घेऊन किंवा त्याच्यावर चिडून हा विषय संपत नाही. २०२५च्या नोव्हेंबरात सुरतच्याच पिठावाला मैदानावर रणजीच्या प्लेट गटात मेघालयच्या आकाश चौधरीने अरुणाचलविरुद्ध सलग आठ षटकार मारले आणि ११ चेंडूंत अर्धशतक केलं. प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं ते सर्वांत वेगवान. अशा सामन्याला गर्दी नसते. तिथे जमलेला एखादा हौशी माणूस इतिहासाचा साक्षीदार ठरतो. आणि उलट बाजूही आहे. २२ ऑक्टोबर २०२५ला आमच्या फातोर्ड्यावर एफसी गोवा आणि अल-नासर यांचा सामना चालू असताना एक चाहता जोआव फेलिक्सबरोबर सेल्फी काढायला थेट मैदानात धावला. त्याच्या हातात लेन्स नव्हती, साधा फोन होता. यंत्र तपासून माणूस कळत नाही तो असा.

फातोर्डा म्हटलं की मला १९८९ आठवतं. २५ ऑक्टोबरला नव्याकोऱ्या मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका. मी नऊ वर्षांचा. बाबांच्या गळ्यात आगफा क्लिक-थ्री, चामड्याच्या पिशवीत. (तो कॅमेरा बडोद्याला तयार व्हायचा, हे मला अलीकडे कळलं. गुजरातशी आमचं नातं असंही!) रोलमध्ये बारा फोटो. बाबांनी दहा फोटो मैदानाचे काढले. धुऊन आले तेव्हा हिरवळीवर पांढऱ्या मुंग्या सोडल्यासारखं दिसत होतं. बॉर्डर कोण आणि पंच कोण, काही कळेना. अकराव्याला बाबा वैतागून मागे वळले आणि आमचा काढला. आई छत्री मिटतेय, मी चण्याची पुडी धरलीय आणि धाकटे काका कशालातरी मान मागे टाकून हसतायत. काका पाच वर्षांनी गेले. त्यांचा हसतानाचा दुसरा फोटो घरात नाही. ऑस्ट्रेलिया जिंकली हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. काका हसले होते, याचा पुरावा फक्त त्या चौकोनात आहे.

म्हणून पुतण्याला म्हटलं, "कॅमेरा घरी ठेव. मैदानाचे फोटो काढायला तिथे तुझ्यापेक्षा चांगले वीस जण आहेत. तू फोन ने, आणि एकदा मागे वळून बघ."

पोर थोडं नाराज झालं. पण त्याने ऐकलं. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर चार फोटो आले. तीन दिव्यांच्या झोताचे, मुंग्या तशाच. चौथा मावशीचा. शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा स्टेडियम पाहिलेली मावशी, आवाजाने दोन्ही कान झाकून, डोळे मात्र टक्क उघडे. खाली मावसभावाने लिहिलं होतं, "आईला काही ऐकू आलं नाही, पण सगळं दिसलं म्हणते."

डीएसएलआरही वाया गेला नाही. पुढच्या महिन्यात एका क्लब सामन्याला आयोजकांना आधी विचारून तो घेऊन गेला, आणि त्यांनीच त्याच्याकडे फोटो मागितले.

मावशीचा तो फोटो मी पणजीत छापून घेतला. आता तो बाबांच्या अकराव्या फोटोशेजारी, शोकेसमध्ये.