पंचनाम्यातले घर

आत्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या तळाशी, चार घड्या घातलेला एक कागद सापडला. १९९० च्या मे महिन्यातला पंचनामा. तिरोडा तालुक्यातले दोन खोल्यांचे घर, कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर. भर दुपारी चुलीतली ठिणगी उडाली आणि सारे जळाले. खाली जळालेल्या वस्तूंची यादी : धानाची तीन पोती, एक खाट, गोधड्या, भांडी. दोन सह्या, तीन अंगठे. कोपऱ्यात पेन्सिलीने कोणीतरी बेरीज मांडलेली : १००० + ५००.

“सरकारनं देल्ले होते पैसे,” आत्या म्हणाली. मीही बरीच वर्षे तेच समजत होतो. या कागदाचा माग काढताना कळले, की ती सरकारी मदत नव्हती. तो घराच्या विम्याचा दावा होता, आणि तो मंजूर झाला होता. मदत आणि दावा यांतला फरक आमच्या भागात कसा घडला, कसा पुसला गेला, हे शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी १९५६ पर्यंत हा सारा मुलूख मध्य प्रांतात आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशात होता. गावे मालगुजारांची. त्या काळी गावात घर जळाले तर रोख पैसे देणारे कोणी नव्हते. पण ‘निस्तार’ होता. जंगलातून घरासाठी लाकूड, बांबू, गवत आणि सरपण घेण्याचा गावकऱ्यांचा हक्क म्हणजे निस्तार. बंदोबस्ताच्या वेळी तयार होणाऱ्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात गावोगावच्या अशा रूढी लिहून ठेवलेल्या असत. घर जळालेल्या माणसाने बांबू तोडून आणायचे, गावाने कुड विणायला हात लावायचा. मालगुजार जाच करत, वेठ घेत, हे खरेच; तो काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. पण घर पुन्हा उभे करण्याच्या सामानावर गरिबाचा हक्क आहे, हे कागदावर होते. विम्याचा शब्दही ठाऊक नसलेल्या गावात विम्याचे अर्धे काम हा हक्क करत होता.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. तलाव आणि जंगले सरकारजमा झाली. निस्तार हा शब्द १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भापुरता राहिला, पण व्यवहारात तो सवलतीच्या दराने डेपोवर मिळणाऱ्या बांबूपुरता आक्रसत गेला.

ही पोकळी भरण्याचा एक प्रयत्न १ मे १९८८ रोजी झाला. केंद्र सरकारने ग्रामीण गरिबांसाठी झोपडी विमा योजना सुरू केली. वार्षिक उत्पन्न ४,८०० रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाची झोपडी आगीत जळाली, तर झोपडीसाठी जास्तीत जास्त १,००० रुपये आणि सामानासाठी ५०० रुपये मिळत. हप्ता सरकार भरत असे. दावे मात्र १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या सर्वसाधारण विमा कंपन्या देत. पेन्सिलीतल्या बेरजेचा उलगडा इथे झाला. आत्या विमाधारक होती आणि तिला ते कोणी सांगितलेच नव्हते. हक्काचे पैसे तिने उपकार म्हणून घेतले. ज्यांना योजनेचा पत्ताच नव्हता, त्यांनी दावा तरी कुठून केला असता?

तीस वर्षांनी त्याच जागेवर आतेभावाचे घर होते. कुड जाऊन मातीच्या भिंती आल्या होत्या, गवत जाऊन कवेलू. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगा गोंदिया, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावांत शिरली. आतेभावाची मागची भिंत बसली, दुसरीला तडे गेले. पंचनामा झाला. या वेळी विमा नव्हता, आपत्ती मदतीचे निकष होते. २०१५ ते २०२० साठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये होते. किमान १५ टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला ३,२००. राज्य सरकार कधी त्यात भर घालते, पण दोन पायऱ्यांमधली दरी तशीच राहते. पंचनाम्यात ‘पूर्ण’ लिहायचे की ‘अंशतः’, या एका शब्दावर सगळे ठरणार होते. लिहिले गेले ‘अंशतः’. तडे गेलेली भिंत पंधरा दिवसांनी पडली. तेव्हा कागद पुढे गेलेला होता.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात घराच्या नुकसानीसाठी ‘सहाय्य’ असा शब्द आहे, ‘भरपाई’ असा नाही. नुकसान किती झाले याच्याशी सहाय्याच्या रकमेचा मेळ असावाच असे नाही. ती आधाराची रक्कम आहे.

भरपाई कशी असते हे मला उशिरा, स्वतःच्या घरावरून कळले. गोंदियातल्या घराचा विमा गृहकर्जासोबत आला होता. ती पॉलिसी मी कधी उघडून पाहिली नव्हती. २०२३ च्या मे महिन्यातल्या वादळात गच्चीवरच्या शेडचे पत्रे उडाले. मी फोटो काढले, दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवले, मिस्त्रीकडून ६२,००० चा अंदाज घेतला. सर्वेक्षक आला, त्याने फुटपट्टी लावली. अंदाजात मी पूर्वीपेक्षा जाड पत्रे धरले होते. त्याने जुन्या दर्जाचे धरले आणि ५१,००० मंजूर झाले. कमी का केले, ते लेखी कळवले. पटले नसते तर विमा लोकपाल होता, ग्राहक आयोग होता. सर्वेक्षकाची यादीही पंचनाम्यासारखीच होती. फरक एवढाच, की तिच्याशी भांडता येत होते.

विम्याचेही काटे आहेत. जुन्या आग विम्यात ‘सरासरी’चे कलम असे : घर बांधायला २० लाख लागणार आणि विमा १० लाखांचा, तर २ लाखांच्या नुकसानीचे १ लाखच हाती पडत. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आली, आणि तिने घरांपुरती ही कपात काढून टाकली. विमा जागेच्या किमतीचा नसतो, बांधकामाच्या खर्चाचा असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आतेभावाने ही पॉलिसी अजून घेतलेली नाही. गावठाणातल्या घराचा कागद कुठला दाखवायचा, हा त्याचा पहिला प्रश्न होता.

मालगुजारीतला निस्तार लिहिलेला हक्क होता, झोपडी विमा न सांगितलेला हक्क होता, पुराची मदत हक्कासारखी दिसणारी सवलत आहे. पंचनामा तेवढा तिन्ही काळांत टिकून राहिला, आणि जे त्यात लिहिले गेले नाही ते घरात कधी नव्हतेच असे ठरले.

कागद आत्याला वाचून दाखवला. यादी संपली तशी ती म्हणाली, “शिवणयंत्र नाही लिवलं का रे?” मी पुन्हा वाचले. लिहिले नव्हते.