कलेक्टर कचेरीतल्या एका फायलीची कुळकथा

मे महिना सरत आला की नांदेड आणि लातूरच्या कलेक्टर कचेऱ्यांत मान्सूनपूर्व आढावा बैठक भरते. पाटबंधारे, महावितरण, आरोग्य, बांधकाम, पोलीस अशी सगळी खाती हजर. समोर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्याची जाडजूड प्रत. नदीकाठची गावं कोणती, बोटी किती आणि त्यांतल्या चालू किती, पट्टीचे पोहणारे कोण, लोकांना हलवायचं तर कोणत्या शाळेत. नियंत्रण कक्षाचा नंबर 1077. आता हे इतकं अंगवळणी पडलंय की पूर्वापार असंच चालत आलं असेल असं वाटतं. पण ही फाईल वयानं लहान आहे, आणि तिचं मूळ शोधत निघालं तर आपण औसा तालुक्यातल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यापाशी पोचतो.

त्याआधी तिच्या थोरल्या भावंडाची ओळख करून घ्यायला हवी. मराठवाड्यात संकट म्हटलं की पहिल्यांदा दुष्काळच आठवतो. 1876 ते 78 च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं आयोग नेमला, 1880 साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता निघाल्या. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि त्या वळणाचा महसुली कारभार इथं रुजला. पीक किती आलं ते आण्यांत मोजायचं, सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आण्याचे पैसे झाले तशी आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या खाली गाव गेलं की टंचाईच्या सवलती लागू. तिच्याच जोडीला टंचाई आराखडा. ऑक्टोबर ते जून असे तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे. विहिरीचं अधिग्रहण, विंधन विहिरी, गाळ काढणं, शेवटी टँकर. ग्रामपंचायतीनं ठराव करायचा, तो पंचायत समितीत जायचा, तिथून तहसील, मग वर. 1972 च्या दुष्काळानं वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला बळ दिलं आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला.

ही यंत्रणा वाईट नव्हती. टँकरवरून कितीही शिव्या दिल्या तरी तिनं माणसं जगवली. पण ती बेतलेली होती सावकाश येणाऱ्या संकटावर. पाऊस गेला हे सप्टेंबरात कळतं, घागर रिकामी व्हायला मार्च उजाडतो. मधल्या वेळात ठरावाचा कागद तीन टेबलं फिरून येऊ शकतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारला काही मिनिटं असताना औसा तालुक्यातल्या किल्लारीची जमीन हलली, तेव्हा असा मधला वेळ नव्हताच. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. धक्का मोठा होता, पण जगात त्याहून मोठे धक्के कमी माणसं मारून जातात. इथं मारलं ते घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडी माळवद, माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. 1992 पासून किल्लारीत धक्के बसत होते, माणसं भीतीनं घराबाहेर झोपत होती, तरीही नकाशा तसाच राहिला. तो पहिला पट्टा रद्द व्हायला 2002 साल उजाडलं.

जिल्हा म्हणून लातूरचं वय तेव्हा अवघं अकरा वर्षांचं. कलेक्टर होते प्रवीणसिंह परदेशी. सैन्य आलं, देशभरातून मदतीचे ट्रक आले, बघ्यांच्या गाड्याही आल्या आणि त्याच अरुंद रस्त्यांवर सगळे अडकले, वर पाऊस. कोणी कुठं जायचं, कपडे कुठं उतरवायचे, जखमींना कोणत्या दवाखान्यात न्यायचं, हे आधी लिहून ठेवलेलं असणं म्हणजे काय, ते त्या आठवड्यात सरकारला पुरतं कळलं.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा प्रकल्प उभा राहिला. 52 गावं नव्या जागी वसली. त्याच प्रकल्पाच्या एका कलमात आपली फाईल जन्मली: राज्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा, प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा आराखडा, मंत्रालयात आणि जिल्ह्यांत नियंत्रण कक्ष, पुण्याच्या यशदामध्ये प्रशिक्षण. कोणत्या तालुक्याला कशाचा धोका, याचा नीट अभ्यास करून असा आराखडा बनवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं.

पण मला या प्रकल्पातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जी घरं पडली नव्हती, नुसती हादरली होती, ती मालकांनी स्वतः मजबूत करायची होती. मदतीचा हप्ता कधी येणार, भिंतीत आरपार दगड कसा घालायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, हे गावोगाव कोण सांगणार? स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, महिला मंडळांतल्या बायका तयार केल्या. त्यांना संवाद सहायक म्हणत. शेकडो गावांत त्यांनी घरमालक आणि इंजिनियर यांच्यामधलं काम केलं. इंजिनियर साहेबांपेक्षा शेजारणीचं ऐकणं सोपं जातं, हे सांगायला जागतिक बँक कशाला हवी होती म्हणा.

2001 मध्ये भूज हादरलं तेव्हा किल्लारीचा अनुभव गाठीशी असलेले शरद पवार आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीचे उपाध्यक्ष झाले. 2005 च्या डिसेंबरात केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आराखड्याचा दरवर्षी आढावा. औशाची फाईल अशी देशभर गेली.

तिची परीक्षा मात्र दर जिल्ह्यात वेगळी. नांदेडमध्ये विषय गोदावरीचा. वरून जायकवाडीचं आणि पूर्णेचं पाणी येतं, विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात, नावघाट-खडकपुऱ्याकडची माणसं हलवावी लागतात. खाली तेलंगणातलं पोचमपाड भरलेलं असेल तर पाणी लवकर ओसरत नाही. म्हणजे तीन अधिकाऱ्यांचे फोन वेळेवर लागले तरच शहर कोरडं. लातूरला 2016 मध्ये उलटंच घडलं. मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. नऊ वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, नांदेडच्या मुखेड तालुक्यातल्या हसनाळला लेंडी प्रकल्पाच्या पाण्यानं रात्रीत वेढलं आणि माणसं गेली.

एवढ्यावरून माझं मत असं झालंय की फाईल वरच्या मजल्यावर चांगली लिहिली जाते, खाली उतरताना पातळ होते. नियंत्रण कक्ष, बचाव पथकं, मोबाईलवरचे इशारे हे किल्लारीनंतर मिळालेलं मोठं धन आहे. संवाद सहायक मात्र प्रकल्पाबरोबर संपल्या. हसनाळसारख्या ठिकाणी मध्यरात्री दार वाजवणारं माणूस गावातलंच लागतं, आणि त्याचं नाव आराखड्यात असेलच असं नाही.

कायद्याच्या 32 व्या कलमानं ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांनाही स्वतःचा आराखडा करायला सांगितलंय. पुढच्या ग्रामसभेत तो बघायला मागा. मिळाला तर त्यातल्या पहिल्या तीन नंबरांवर तिथंच फोन लावून बघा.