मत्स्यालयाचा तळथर : वाळू की खडे

घरगुती मत्स्यालयाच्या, म्हणजे बोलीतल्या फिश टँकच्या, तळाशी पसरलेल्या वाळूच्या किंवा बारीक खड्यांच्या थरास तळथर म्हणतात. तो केवळ शोभेसाठी असतो असा समज रूढ असला, तरी पाण्याची शुद्धता, पाणवनस्पतींची मुळे आणि तळाशी चरणाऱ्या माशांचे आरोग्य या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतात. भूशास्त्रात २ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना वाळू व त्याहून मोठ्यांना खडे मानले जाते. मत्स्यालयात साधारणपणे अर्धा ते एक मिलिमीटरची वाळू किंवा २ ते ५ मिलिमीटरचे खडे वापरतात.

दोहोंतील खरा फरक माशांच्या विष्ठेचे आणि उरलेल्या खाद्याचे पुढे काय होते, यात आहे. खड्यांच्या फटींत हे अवशेष खोल उतरतात, दिसेनासे होतात आणि कुजून त्यांचा अमोनिया होतो. खड्यांवर वाढणारे उपयुक्त जिवाणू या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात; त्यासाठी लागणारा प्राणवायू फटींतून वाहणाऱ्या पाण्यातून मिळतो. जाळीदार पट्टीवर खडे पसरून हवेच्या पंपाने त्यांतून पाणी ओढणारा ‘अंडरग्रॅव्हल फिल्टर’ याच तत्त्वावर चालतो आणि वाळूवर तो निरुपयोगी ठरतो, कारण वाळूने जाळी बुजते. वाळूत मात्र घाण वरच पडून राहते व डोळ्यांना लगेच दिसते. हा तिचा दोष मानला जातो, पण वस्तुतः तो मोठा गुण आहे. वाळूचा थर फार जाड झाला, तर त्याच्या खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही, तेथे निराळ्या जिवाणूंमुळे हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू साठू शकतो आणि काचेतून काळे डाग दिसू लागतात. म्हणून वाळू ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा जाड घालू नये आणि ती अधूनमधून काडीने हलकेच ढवळावी.

हुबळी-धारवाडच्या संदर्भात या निवडीला पाण्याच्या उपलब्धतेचा एक वेगळाच पैलू आहे. जुळ्या शहरांना सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून मलप्रभेचे आणि नीरसागर तलावाचे पाणी मिळत आले आहे. काही प्रभागांत चोवीस तास पुरवठ्याची योजना आली, तरी अनेक वस्त्यांत नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि ते टाकीत वा पिंपात साठवावे लागते. साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन उघड्यावर दिवसभरात बरेचसे उडून जाते, ही त्यातली सोय. परंतु खड्यांचा तळ नीट साफ करायचा, तर रुंद तोंडाची नळी खड्यांत जागोजागी खुपसून गाळ ओढावा लागतो आणि त्याबरोबर बादल्या भरभरून पाणी बाहेर जाते. वाळूच्या पृष्ठभागावरून नळी नुसती फिरवली तरी काम भागते. साठ सेंटिमीटर लांबीच्या, सुमारे ५० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदलणे पुरेसे असते. पाणीटंचाईच्या दिवसांत तेवढ्यात स्वच्छता साधणे वाळूच्या तळावर अधिक शक्य आहे. कूपनलिकेचे पाणी वापरताना मात्र ते बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले, असते हे ध्यानात ठेवावे.

हा जडपणा तळथरानेच वाढू नये, याची खबरदारी येथे विशेष घ्यावी लागते. हुबळीच्या पूर्वेकडील काळ्या मातीत चुन्याचे पांढरट, खडबडीत कंकर सर्रास सापडतात आणि ओढ्यातून उचललेल्या खड्यांत ते मिसळलेले असतात. कारवार किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. दोन्ही पाण्यात हळूहळू विरघळतात व पाणी अधिकाधिक जड करतात. परीक्षा सोपी आहे : कोरड्या खड्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून बारकाईने पाहावे, बारीक बुडबुडे उठले तर तो खडा चुन्याचा समजावा व बाजूला काढावा. गारगोटीच्या खड्यांवर काहीच होत नाही. बांधकामाला सर्वत्र वापरली जाणारी एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चुन्याची नसली तरी तिचे कण धारदार व धूळभरले असल्याने ती मत्स्यालयास योग्य नव्हे. पाणी गाळण्याच्या यंत्रांसाठी विकली जाणारी गारगोटीची वाळू सर्वांत निर्धोक. निळ्या-गुलाबी रंगाचे खडे बाजारात सहज मिळतात, पण त्यांचा रंग हलक्या प्रतीचा असेल तर तो सुटतो. ते टाळलेले बरे.

माशांच्या स्वभावाचा विचार तर सर्वांआधी व्हायला हवा. कोरिडोरस हे दक्षिण अमेरिकी मासे आणि ओठांभोवती मिशा असलेले लोच तोंडाने वाळू चाळून खाद्य शोधतात. वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकताना त्यांना पाहणे हाच त्यांचा खरा परिचय होय. टोकदार खड्यांवर त्यांच्या मिशा झिजतात व जखमांत संसर्ग होतो. पश्चिम घाटातील नद्यांतला पट्टेदार बोटिया स्ट्रायटा हा लोच सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये तुंगा नदीतून प्रथम नोंदवला. तो आज संकटग्रस्त असून अशा माशाला गुळगुळीत गोट्यांच्या सोबतीने मऊ वाळू द्यावी. गोल्डफिश तळ सतत उकरतो आणि मध्यम आकाराचा खडा त्याच्या तोंडात अडकू शकतो, त्यामुळे त्याला वाळू किंवा तोंडात न मावणारे मोठे गोटे चालतात. उलट झेब्रा डॅनिओच्या वीणेसाठी मोठे खडे किंवा काचेच्या गोट्या उत्तम, कारण अंडी फटींत पडतात आणि आईबापांना ती खाता येत नाहीत.

वनस्पतींपैकी व्हॅलिस्नेरिया दोन्हींत रुजते. मात्र धुतलेल्या वाळूत अन्नद्रव्ये नसल्याने मुळांशी खताच्या गोळ्या घालाव्या लागतात. वाळू धुण्याचे काम चिकाटीचे आहे. बादलीत थोडी थोडी वाळू घेऊन, हाताने ढवळून, गढूळ पाणी ओतत राहावे आणि वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत ते थांबवू नये. हे पाणी झाडांना घालता येते. साठ बाय तीस सेंटिमीटरच्या तळावर ४ सेंटिमीटर थरासाठी सुमारे ११ ते १२ किलो कोरडी वाळू लागते, आणि काचेच्या टाकीखालचा टेबल हे वजन व पाण्याचे वजन मिळून पेलेल असा हवा.

अंडरग्रॅव्हल फिल्टर असलेल्या टाकीत खडे अपरिहार्य आहेत. ते सोडल्यास हुबळी-धारवाडच्या घरात मिश्र माशांसाठी धुतलेली गारगोटीची वाळूच निवडावी.