चव न घेता दिलेले निकाल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२५ जुलै २०१०, रविवार. ऑस्ट्रेलियात निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात आला होता. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड आणि विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांचा जाहीर वादविवाद त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवरून व्हायचा होता. अडचण एवढीच होती, की त्याच संध्याकाळी ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ या हौशी स्वयंपाक्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. मग काय झालं? स्पर्धा जागची हलली नाही. देशाचा पंतप्रधान कोण व्हावा याची चर्चा तासभर अलीकडे ओढली गेली. लोक आधी काय पाहतील, याचा अंदाज राजकारण्यांना बरोबर आला होता.

या स्पर्धांचं मोठं नवल असं, की त्या पाहणाऱ्या लाखो लोकांपैकी कुणीही त्यातला घासभर पदार्थ चाखलेला नसतो. गाण्याच्या स्पर्धेत सूर आपल्या कानावर पडतो, क्रिकेटमध्ये चेंडू डोळ्यांना दिसतो. इथे चव आणि वास दोन्ही पडद्यापलीकडे राहतात. तरीही पाहणाऱ्याचं मत ठाम असतं आणि परीक्षकांचं चुकलं हे तो छातीठोकपणे सांगतो. हा प्रेक्षक आला कुठून, हे आज थोडं मागे जाऊन पाहू.

आपल्याकडे पंगतीचा एक जुना नियम आहे. अन्नाला नावं ठेवू नयेत. पाहुणा मिठाशिवायची आमटीही मुकाट्यानं संपवतो आणि वर ‘छान झालंय हो’ म्हणतो. पण हा नियम पंगतीपुरता. घरात मात्र रोज दोन वेळा परीक्षा असते, परीक्षक ताटावर बसलेले असतात आणि निकाल तोंडावर सांगितला जातो. बक्षीस नाही, पगार नाही, फार तर ‘अन्नपूर्णा’ ही पदवी. गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी या घरच्या परीक्षेतून बाहेर पडण्याची पहिली वाट होती ती महिला मंडळाची किंवा गणेशोत्सवातली पाककला स्पर्धा. टेबलावर झाकलेल्या थाळ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी आणि परीक्षक म्हणून एखाद्या अधिकाऱ्याच्या पत्नी नाहीतर शाळेच्या मुख्याध्यापिका. निकालानंतरची कुजबुजही ठरलेली. ‘चव कुणी घेतली? नुसती सजावट बघून नंबर दिला.’ टीव्हीपुढे बसून आज जे बोललं जातं, त्याचा उगम मला या कुजबुजीत दिसतो.

निकाल देण्यासाठी माप लागतं, आणि आपला स्वयंपाक अंदाजाचा. ‘किती मीठ?’ असं विचारलं की ‘बेतानं’ हे उत्तर. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं, तेव्हापासून हा अंदाज कागदावर उतरवण्याची मराठीत खटपट चालू आहे. तो खऱ्या अर्थानं घरोघर पोचवला कमलाबाई ओगले यांनी. त्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झालं. त्यांनी ग्रॅम आणि औंसाच्या भानगडीत न पडता वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं. सांगलीकडच्या या बाईंनी सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला स्वयंपाक मराठी मुलींच्या दोन-तीन पिढ्यांनी गिरवला. आंदण म्हणून भांड्यांबरोबर हे पुस्तक देणारी घरं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. प्रमाण छापलं गेलं, की सुनेला ‘पुस्तकात असंच लिहिलंय’ असं म्हणता येऊ लागलं. ही लहान गोष्ट नव्हे.

आता भट्टीकडे वळू, कारण भाजण्याच्या पदार्थांना आपल्याकडे वेगळा इतिहास आहे. पावाकडे आपण कितीतरी काळ संशयानं पाहिलं. पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्यायले आणि अख्खं गाव बाटलं, अशा कथा गोव्यात आणि वसईकडे सांगितल्या जातात. मराठवाड्यात भट्टी आली ती दुसऱ्या वाटेनं. मुहंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्याच्या फौजेबरोबर नान-खलिया आला, असं आमच्याकडे मोठ्या अभिमानानं सांगतात. छत्रपती संभाजीनगरात आजही नान भट्टीतूनच निघतो. आणि शेतात गोवऱ्यांच्या आहारात भाजलेले रोडगे? तेही भाजणंच की! त्याला कुणी ‘बेकिंग’ म्हटलं नाही एवढंच.

घरात मात्र भट्टी नव्हती. म्हणून सुट्टीत किंवा दिवाळीच्या आधी पीठ, तूप, पिठीसाखर डब्यात भरून गावातल्या बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत होती. बेकरीवाल्याच्या काळ्या पत्र्यांवर चार घरांचा माल शेजारी-शेजारी भाजला जाई. कुणाची पसरली, कुणाची फुगून भेगाळली, कुणी तुपात हात आखडला, हे सगळ्यांना उघड दिसे. पुढे मध्यमवर्गीय घरांत काचेची खिडकी असलेला गोल ओव्हन आला. तो नव्हता तिथे कुकरची शिट्टी काढून, तळाशी वाळू किंवा मीठ घालून केक होऊ लागला. अंडं न चालणाऱ्या घरांत आटवलेल्या गोड दुधाच्या डब्यानं काम भागवलं.

भाजण्याचा हा एक विशेष आहे. भाजीतलं मीठ डोळ्यांना दिसत नाही. केक बसला तर तो सगळ्यांना दिसतो. पाव कापला की आतली जाळी सांगते, पीठ पुरेसं फुगलं होतं की नाही. अंदाजाला वाव कमी आणि एकदा भट्टीत गेलं की दुरुस्तीला तर नाहीच. आमटी पातळ झाली तर उकळता येते, बसलेला केक पुन्हा उठत नाही. पुरणपोळी तव्यावर फुटते तेव्हा बघणाऱ्यांच्या तोंडून जो ‘अरेरे’ निघतो, तो अख्खा तासभर टिकवायचा असेल तर भाजण्याची स्पर्धा घ्यावी. दूरचित्रवाणीवाल्यांनी हे ओळखलं.

पण त्याला वेळ लागला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळात पडद्यावरची बाई पदार्थ करून दाखवी आणि पाहणारी वही-पेन घेऊन बसे. १९९३ मध्ये ‘झी’वर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ आला, तरी प्रेक्षक विद्यार्थीच राहिला. २००७ मध्ये ‘झी मराठी’वर ‘आम्ही सारे खवय्ये’ सुरू झालं आणि चित्र बदललं. गावोगावच्या गृहिणी स्वतः पडद्यावर आल्या. प्रशांत दामले शेजारी उभे राहून गप्पा मारत आणि शेवटी घास घेऊन डोळे मिटत. घरोघर त्यावर एक विनोद चाले, की दामल्यांना आजवर काही आवडलं नाही असं झालंच नाही. विनोद खरा होता. तो पंगतीचाच नियम होता, पडद्यावर आलेला. ज्या बाईला घरी कधी दाद मिळाली नसेल तिला ती अख्ख्या महाराष्ट्रासमोर मिळत होती. मला त्यात काही गैर वाटत नाही.

२०१० मध्ये मात्र दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरात ‘स्टार प्लस’वर ‘मास्टरशेफ इंडिया’ सुरू झालं. मूळ कार्यक्रम बीबीसीचा, १९९० सालचा. आपल्याकडे तो ऑस्ट्रेलियाच्या वळणानं आला. पहिली विजेती लखनौची शिक्षिका पंकज भदौरिया. नोकरी सोडून ती स्पर्धेत उतरली होती, आणि ‘नोकरी सोडायला हवी होती का’ यावर आपल्याकडे तिच्या पदार्थांइतकीच चर्चा झाली. त्याआधी, ऑगस्टमध्ये, ब्रिटनमध्ये ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ सुरू झालं. एक पांढरा तंबू, डझनभर हौशी माणसं, दोन परीक्षक. जिंकणाऱ्याला रोख रक्कम नाही, केकची एक तबकडी आणि फुलं. २०१५ ची अंतिम फेरी सुमारे दीड कोटी लोकांनी पाहिली. त्या वर्षी जिंकलेली नादिया हुसेन बांगलादेशी वंशाची, हिजाब घालणारी गृहिणी. पुढच्या वर्षी राणीच्या नव्वदीचा केक तिनेच केला.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात बोलका प्रसंग २०१४ चा. उन्हाळ्याचा दिवस, तंबूत उकाडा आणि काम ‘बेक्ड अलास्का’चं, म्हणजे केकवर आईस्क्रीम आणि त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचं भाजलेलं आवरण. इयन वॉटर्स या स्पर्धकाचं आईस्क्रीम गोठलं नव्हतं. पडद्यावर असं दिसलं, की डायना बिअर्ड या ज्येष्ठ बाईंनी ते फ्रीजरमधून बाहेर काढून ठेवलं होतं. इयननं संतापून अख्खा पदार्थ कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि तो बाद झाला. दुसऱ्या दिवशी देशभर गदारोळ. बीबीसीकडे आठशेंहून अधिक तक्रारी गेल्या. ते आईस्क्रीम जेमतेम मिनिटभरच बाहेर होतं, असा खुलासा नंतर झाला. पण तोवर निकाल लागून गेला होता. बिअर्डबाई आजारपणामुळे पुढच्या भागात नव्हत्या आणि लोकांनी त्याचाही आपापला अर्थ लावला. परीक्षकांचं म्हणणं साधं होतं: कच्चा का होईना, पदार्थ समोर आणला असता तर गुण देता आले असते, पेटीला कसले गुण द्यायचे? प्रेक्षकांनी न्याय मागितला हे मला आवडतं. पण कित्येक तासांच्या चित्रणातून कापून काढलेला तासाभराचा तुकडा पाहून त्यांनी तो मागितला, हे विसरता येत नाही.

आदल्याच वर्षी याहून वाईट झालं होतं. रुबी टँडोह ही तरुण स्पर्धक दिसायला छान आहे म्हणून परीक्षक तिला झुकतं माप देतात, असं बिनदिक्कत लिहिलं गेलं. तिनं वर्तमानपत्रातून त्याला सडेतोड उत्तर दिलं. तिच्या केकबद्दल बोलण्याऐवजी तिच्या रडण्याबद्दल आणि चेहऱ्याबद्दल बोललं जात होतं. आपल्या ओट्याजवळ हेच होत आलं आहे.

२०१८ मध्ये मूळचा कोलकात्याचा राहुल मंडल हा संशोधक अंतिम फेरीत होता. उष्णतेनं त्याची काचेची बरणी फुटली, काचा सगळीकडे उडाल्या, म्हणून त्याला पंधरा मिनिटं जास्त दिली गेली. तो जिंकला आणि ‘वेळ सगळ्यांना सारखा हवा’ म्हणून प्रेक्षक भडकले. माझ्या मते ती पंधरा मिनिटं योग्यच होती. काचा त्याने मागवल्या नव्हत्या. २०१७ ची गंमत तर वेगळीच. तेव्हा कार्यक्रम चॅनल फोरकडे गेला होता. नव्या परीक्षक प्रू लीथ भूतानमध्ये होत्या. घड्याळाचा घोळ झाला आणि अंतिम फेरी दाखवण्याआधीच त्यांनी ट्विटरवर विजेत्याचं अभिनंदन करून टाकलं!

आपल्याकडचे वाद वेगळ्या मुद्द्यांवर झाले. ‘मास्टरशेफ इंडिया’चा २०१५ चा हंगाम पूर्ण शाकाहारी ठेवला गेला, तेव्हा अर्ध्या प्रेक्षकांना आनंद झाला आणि उरलेल्यांनी विचारलं, की मासे-मटण करणाऱ्यांनी स्वयंपाक करूच नये का? २०१६ मध्ये कीर्ती भौतिका जिंकली, तिचा हात केक-पेस्ट्रीवर बसलेला. २०२३ मध्ये उलटा वाद. एका शाकाहारी स्पर्धक बाईंना माशाऐवजी पनीर वापरू दिलं गेलं, म्हणून नियम सगळ्यांना एक हवा असा ओरडा झाला. मुंबईच्या सुवर्णा बागुल त्या वर्षी तिसऱ्या आल्या. मला वाटतं, माशाला हात न लावण्याची मुभा द्यायला हरकत नव्हती, पण ती पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हवी होती. मधेच दिलेली सूट पंक्तिप्रपंचासारखी दिसते, आणि ताटात दुजाभाव आपल्या माणसाला खपत नाही.

२०२५ च्या ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’मध्ये तर आपल्या छत्रपती संभाजीनगरची निक्की तांबोळी उपविजेती ठरली. विजेता गौरव खन्ना. त्यावरच्या गप्पांत निम्मा वेळ २०२४ च्या ‘बिग बॉस मराठी’तल्या तिच्या भांडणांवर गेला. तिथे जिचा राग आला तिच्या हाताला चव असू शकते, हे काही जणांना कबूलच करायचं नव्हतं.

मला जास्त ऐकावीशी वाटतात ती वेगळ्या बायकांची मतं. आता तालुक्याच्या गावीही घरच्या ओव्हनवर केकच्या ऑर्डर घेणाऱ्या बायका आहेत. त्या कुणाचा चेहरा बघत नाहीत. पाक किती वेळ उकळला, साचा गार होऊ दिला का, हे बघतात. त्यांच्या शंका कुठल्याच परीक्षकाच्या तोंडी येत नाहीत. केक भट्टीत असताना वीज गेली तर काय करायचं? वाढदिवस तिथी बघून ऐन वेळी बदलला तर पैसे कुणाकडे मागायचे? आणि ते बेक्ड अलास्काचं प्रकरण त्यांना कळलं, तर त्या म्हणतील, एवढ्याशा उन्हाळ्यात काय घेऊन बसलात! मे महिन्यातल्या दुपारी गंगापूरहून लासूरला दुचाकीवर क्रीमचा केक न्या, मग बोला.